विटा कुणीकडून तडकतात

त्या वर्षी विटा वाळता वाळताच तडकायला लागल्या. सकाळी थापलेली वीट दुपारपर्यंत कशी लोण्यासारखी गुळगुळीत दिसायची. उन्हं कलली की तिच्या अंगावर केसाएवढी रेघ उमटायची आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघेत नख शिरायचं. मग ती उचला, खड्ड्यात टाका, पाणी मारा, पुन्हा तुडवा, पुन्हा साच्यात भरा. केलेलंच काम परत करताना माणूस दुप्पट दमतं.

आत्यानं तडकलेल्या विटा पाहिल्या नव्हत्या असं नाही. एवढ्या थापायच्या म्हटल्यावर काही जायच्याच. पण रांगच्या रांग जावी, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती साचा काखोटीला मारूनच, असं तिचा भाऊ बापू थट्टेनं सांगायचा. बापू माती खणायचा आणि भट्टी लावायचा, बापूची बायको गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवायची, आणि थापणं आत्याचं. तिच्या हातची वीट चारी कोपऱ्यांनी भरलेली असे. गाव तिला आत्याच म्हणे. तिच्याहून वयानं मोठा असलेला गवंडीसुद्धा.

त्या गवंड्यानंच एका सकाळी चारचौघांत तिची शोभा केली. गावाच्या टोकाला दवाखान्याच्या भिंती चढत होत्या आणि विटा बापूच्या भट्टीतून जायच्या होत्या. बारीक रेघेच्या विटा भाजल्यावर खपून जातील, या आशेनं बापूनं त्या भट्टीत लावल्या होत्या. गवंड्यानं दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या. ठणकन आवाज यायला हवा होता. आला तो भद्द. मग त्यानं एक वीट दोन्ही हातांत धरून मोडली.

"आत्या, या विटा आहेत की बिस्किटं? चहात बुडवून खाऊ का?"

त्याच्याबरोबरची माणसं हसली. आत्याही हसली, दुसरं करणार काय? पण तिचे कान तापले.

"माती बदललीय," बापू पुढे होऊन म्हणाला. "जुन्या खाणीला खडक लागला. आता ओढ्यापलीकडची काढतोय."

"बापू, मला भिंत उभी करायचीय. पुढची भट्टीही अशीच निघाली तर मी दुसरीकडे बघेन. वाईट वाटून घेऊ नका."

आत्यानं वाईट वाटून घेतलं. दिवसभर साचा आपटताना तिच्या हाताला नेहमीपेक्षा जास्त जोर होता.

त्यातच बापूच्या बायकोची कंबर धरली. ती वाकली की सरळ होईना आणि सरळ झाली की वाकेना. गारा तुडवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून बापूच्या पोरीची शाळा बंद झाली. "थोडे दिवसच," असं बापू म्हणाला. ते थोडे दिवस कधी संपणार, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

पोरगी आठवीत होती, आणि गावातली शाळा आठवीलाच संपत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. घरीदारी सगळे तिला चौकशी म्हणत. हे नाव आत्यानंच ठेवलेलं. बोलायला लागल्यापासून या पोरीनं घरातल्या कुणालाही एक काम सलग करू दिलं नव्हतं.

आता ती खड्ड्यात गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून तुडवत होती आणि तिचं तोंड पायांच्या पुढे धावत होतं.

"आत्या, ही माती पाय सोडतच नाही. जुनी अशी नव्हती ना?"

"पाय चालव."

"चालवतेय. पण ही अशी का?"

"चिकट आहे म्हणून."

"चिकट का आहे?"

"तुझ्यावर गेलीय. एकदा धरलं की सोडत नाही."

चौकशी हसली आणि पुन्हा तुडवायला लागली. आत्याला तिची दया यायची, नाही असं नाही. पण आत्याला स्वतःला याहून लहान वयात खड्ड्यात उतरवलं होतं. त्यानं काही ती मेली नव्हती. शिवाय तिचं उजवं मनगट हल्ली रात्री ठणकायचं. उद्या साचा कुणाच्या हातात द्यायचा, हा विचार ती मनातल्या मनात करायची, आणि त्या विचारात चौकशीचेच हात दिसायचे.

दर गुरुवारी शाळेत एक पांढरी गाडी यायची. तिचं मागचं दार उघडलं की आत फळ्या, फळ्यांवर बाटल्या, नळ्या, भिंगं, तराजू, तारा. गाडीबरोबर एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई यायची. गाडी ती स्वतःच चालवायची, म्हणून पोरं तिला गाडीवाल्या बाई म्हणायची. आसपासच्या गावांतल्या शाळांत जाऊन मुलांकडून प्रयोग करून घ्यायचे, हे तिचं काम. चौकशीचे बरेच गुरुवार बुडाले तेव्हा एक दिवस ती गाडी हेलकावे खात थेट भट्टीवर आली.

आत्यानं पदरची सगळी उत्तरं तयार ठेवली. शाळेतून माणूस घरी येतं ते बोल लावायलाच, एवढं तिला ठाऊक होतं.

"चौकशी इथेच राहते ना?" बाईंनी विचारलं. "ती नसल्यापासून वर्ग फार शांत झालाय. मला शांत वर्गाची भीती वाटते."

"इथे काम अडलंय बाई. विटा जमत नाहीत. पोर मोकळी झाली की येईल."

"जमत नाहीत म्हणजे? काय होतं त्यांना?"

आणि उत्तराची वाट न बघता त्या विटांच्या रांगेशी उकिडव्या बसल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एक तडा अगदी जवळून पाहिला. आत्याची सगळी उत्तरं तोंडातच राहिली.

जाताना बाईंनी काचेच्या दोन उंच बरण्या चौकशीच्या हातात दिल्या. "एकीत जुन्या खाणीची माती घाल, दुसरीत नव्या. पाणी भर, झाकण लावून खूप हलव आणि ठेवून दे. काय होतं ते बघत राहा."

बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसल्या. आत्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की हा पसारा तिला चालणार नाही. पण पाणी प्यायला गेली की तिची नजर खिडकीकडे जायचीच. जुन्या मातीच्या बरणीत तळाशी वाळूचा जाड थर लगेच बसला, त्यावर बारीक मातीचा, आणि सकाळी वरचं पाणी निवळलंसुद्धा. नव्या मातीत वाळू बोटभरही नव्हती. वरचं पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ, ते निवळायचं नावच घेईना.

"अजून तसंच आहे का गं?" बापूची बायको अंथरुणातून विचारायची.

"तसंच," आत्या उत्तर द्यायची, आणि आपण उत्तर दिलं म्हणून स्वतःवरच चिडायची.

चौकशी मात्र उड्या मारत खाणीवर गेली. "बाबा, कळलं! नव्या मातीत वाळूच नाही! सगळी बारीक, चिकट माती आहे. आपण वाळू घातली तर…"

बापूनं कुदळ खाली न ठेवताच हसून घेतलं. "अगं, हे मला मुठीत धरल्याबरोबर कळलं होतं. घालतोय की मी वाळू. हा ढीग कसला वाटला तुला? साखरेचा?"

चौकशीचा चेहरा उतरला. तिनं त्या ढिगाकडे पाहिलं. रोज ती त्याच्याच बाजूनं जात होती. आत्याला आधी जरा बरं वाटलं, चांगली जिरली म्हणून. मग पोरीची मान खाली गेलेली पाहिली तेव्हा तेवढं बरं वाटेना.

पुढच्या गुरुवारी गाडी पुन्हा भट्टीवर आली. चौकशीनं घडलेलं सगळं सांगितलं, आपली फजितीही सांगितली. बाई मोठ्यानं हसल्या. "म्हणजे माझीही फजितीच. मलाही वाटलं होतं की वाळूचंच असणार. पण वाळू घालूनही तडकतात. मग का?"

"तेच तर तुम्ही सांगायचं," आत्या म्हणाली.

"मला माहीत नाही."

आत्याचा हात साच्यावर थांबला. शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिच्या लहानपणीच्या मास्तरांना काही विचारलं की उत्तराऐवजी पट्टी मिळायची.

"माहीत नाही, तर एवढ्या बाटल्या घेऊन फिरता कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्या मस्करी करत नव्हत्या. मग चौकशीकडे वळल्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जिथल्या तिथे. आणि तुला काय वाटतं ते आधी सांगून ठेवायचं, म्हणजे नंतर 'मला आधीच ठाऊक होतं' असं म्हणता येत नाही."

चौकशीनं आवाराच्या एका कोपऱ्यात जागा झाडून घेतली. कमी वाळूची वीट, नेहमीच्या वाळूची, जास्त वाळूची, त्याहून जास्तीची. ती साचा घ्यायला आली तेव्हा आत्यानं साचा मागे ओढला.

"तू नको, मी थापते. तुझी वीट एकीकडे पातळ, एकीकडे जाड. मग तडा मातीचा की तुझ्या हाताचा, कळणार कसं?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपण त्या बाईंसारखं बोललो. चौकशीच्याही लक्षात आलं होतं, पण तिनं शहाणपणा करून तोंड मिटून ठेवलं.

मग घरात एक वेगळंच खूळ सुरू झालं. कुठली वीट टिकेल, यावर जेवताना पैजा लागू लागल्या. बापू म्हणे जास्त वाळूची, आत्या म्हणे नेहमीची, बापूची बायको म्हणे सगळ्याच तडकतील आणि मग तुम्ही माझी कंबर दुखते म्हणून माझ्यावर खापर फोडाल. सकाळी चहा व्हायच्या आत चौघंही कोपऱ्याकडे. कंबर धरलेलीसुद्धा भिंतीला धरत धरत यायची.

जास्त वाळूची वीट कमी तडकली हे खरं, पण तिच्या कडा हात लावला की साखरेसारख्या झडायच्या. असली वीट गवंड्याला दाखवायची म्हणजे दुसऱ्यांदा बिस्किटं ऐकून घ्यायची. बापूनं हात टेकले. तो म्हणाला, झाला एवढा खेळ पुरे.

चौकशी मात्र तडकलेल्या विटेशी पालथी पडून राहिली होती. गाल जमिनीला टेकलेला.

"आत्या, तडा कुठून सुरू होतो?"

"कुठून म्हणजे? विटेतून."

"तसं नाही. कुठल्या बाजूनं? एका कडेला रुंद आहे आणि आत जाता जाता बारीक होतोय. म्हणजे रुंद बाजूनं सुरू झाला असेल ना?"

आत्या वाकली. इतकी वर्षं तिनं तडे पाहिले होते ते फेकून देण्यापुरते. तडा पाहिला की वीट उचलायची आणि खड्ड्यात टाकायची. तो येतो कुठून, हे बघायला ती कधी थांबलीच नव्हती. ती दुसऱ्या विटेशी गेली. मग तिसऱ्या. मग गुडघे कुरकुरत असताना अख्खी रांग उकिडव्यानं पार करून आली.

"सगळ्यांचं तोंड ओढ्याकडे," ती हळूच म्हणाली. "एकही वीट गावाच्या बाजूनं उकललेली नाही."

दोघी उठून ओढ्याच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. समोर उघडं माळरान. वाऱ्यानं आत्याच्या डोक्याचं फडकं उडालं. ते सावरताना ती मध्येच थांबली.

"इथे झाडं होती."

ओढ्याच्या काठानं दाट झाडांची रांग होती. विजेचे खांब टाकायला आले तेव्हा ती तोडली गेली. त्याच हंगामात जुन्या खाणीला खडक लागला. नव्या मातीच्या नावानं सगळे खडे फोडत राहिले आणि वाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही.

"चला," आत्या म्हणाली, "घरातल्या होत्या नव्हत्या त्या चटया आणा. बापू, गोणपाटं काढ. सगळ्या रांगा झाकून टाकू."

"सगळ्या नाही," चौकशी म्हणाली. "अर्ध्याच."

"म्हणजे?"

"एकाच रांगेतल्या अर्ध्या विटा आडोशाला, अर्ध्या उघड्यावर. माती तीच, हात तोच, दिवस तोच. सगळ्याच झाकल्या आणि टिकल्या, तर आडोशानं टिकल्या की त्या दिवशी वाराच पडला होता म्हणून, कळणार कसं?"

आत्याचा पारा चढला. "जाणूनबुजून विटा तडकवायच्या? त्या मी थापल्यात, तुझ्या बाईनं नाही! माझं मनगट फुकट आलंय का?"

"मी तुडवलाय तो गारा," चौकशी म्हणाली. ती मागे सरली नाही. "माझेही पाय दुखतात."

बापू दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. पोरगी आत्याला उलटून बोलते आहे हे त्याला आवडलं नव्हतं, पण ती काहीतरी खरं बोलते आहे असंही त्याला वाटत होतं. "ताई," तो शेवटी म्हणाला, "एक रांग जाऊ दे. तशीही जातेच आहे."

बांबू रोवले, त्यांना चटया बांधल्या. अर्धी रांग आडोशाला गेली, अर्धी तशीच उघड्यावर राहिली. संध्याकाळी आत्या एकटीच फेरी मारायला गेली. वारा सुटला होता. उघड्यावरच्या विटा तिला थंडीत बाहेर बसवलेल्या पोरांसारख्या दिसल्या. तिथेच एक गोणपाट पडलं होतं. तिनं ते उचललं, दोन पावलं पुढे टाकली. कुणी बघत नव्हतं. निदान चारपाच तरी वाचतील.

ती गोणपाट हातात घेऊन उभी राहिली. विटा वाचाव्यात असं तिला वाटत होतं. पण त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं, आणि ते काय ते तिला ओळखू यायला जरा वेळ लागला. तिला कळून घ्यायचं होतं. तिनं गोणपाट घडी करून पायरीवर ठेवलं आणि घरात गेली. त्या रात्री तिला झोप लागायला उशीर झाला.

सकाळी चहा कुणाला आठवलाच नाही. उघड्यावरच्या जवळजवळ सगळ्या विटांनी ओढ्याकडे तोंड वासलं होतं. चटयांमागच्या विटा शेजारणींकडे बघत असल्यासारख्या शहाण्यासारख्या बसल्या होत्या. मोजायची काही गरज नव्हती. चौकशीनं तरी मोजल्या, दोनदा.

"वाऱ्याकडची बाजू आधी वाळते," ती बोलत होती आणि हातांनी दाखवत होती. "वाळली की आक्रसते. आतली बाजू अजून ओली, ती आक्रसत नाही. मग बाहेरची ओढते, आतली सोडत नाही, आणि फाटतं. माती चिकट असली की जास्तच आक्रसते. म्हणजे मातीही आहे आणि वाराही आहे."

"थंडीत ओठ फुटतात तसं," आत्या म्हणाली.

चौकशी तिच्याकडे बघतच राहिली. "तसंच! अगदी तसंच!"

"मग ओरडतेस कशाला? चटया बांध."

त्या हंगामात आवाराच्या ओढ्याकडच्या अंगाला चटयांची भिंत उभी राहिली आणि थापलेल्या विटांवर पहिला दिवस गोणपाट पडू लागलं. भट्टीच्या पलीकडची एक रांग तरीही तडकायची. तिचं कारण काही सापडलं नाही. पण बाकीच्या टिकल्या. गवंडी आला, त्यानं दोन विटा एकमेकींवर आपटल्या, ठण्ण आवाज आला. तो म्हणाला, "बिस्किटं कडक झालीत, आत्या." या वेळी ती मनापासून हसली.

बापूची बायको हळूहळू उभी राहिली, चौकशी शाळेत जाऊ लागली. आणि वर्ष सरत आलं तेव्हा गाडीवाल्या बाई पुन्हा भट्टीवर आल्या. त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. शहरात एक मोठी शाळा आहे, तिथे प्रयोगशाळा आहे, मुलींना राहायची सोय आहे. चौकशीला तिथे घ्यायला ते तयार आहेत. घरच्यांनी हो म्हणायचं.

बापूनं आत्याकडे पाहिलं. घरातलं मोठं माणूस ती, आणि हात कमी पडणार तेही तिचेच.

"इथे काय कमी शिकतेय?" आत्या म्हणाली. "विटांचं कोडं इथेच सुटलं ना? शहरात जाऊन काय वेगळ्या विटा असतात?"

"वन्सं," बापूची बायको मध्ये पडली, "माझी कंबर आता बरी आहे. मी तुडवीन गारा."

"तुझी कंबर मला माहीत आहे."

"आत्या, मला जायचंय," चौकशी म्हणाली. एवढंच. पुढे तिनं काही जोडलं नाही. जिच्या तोंडाला कधी खीळ नसायची तिचं एवढं छोटं वाक्य आत्याला टोचलं. पण तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

बाईंनी जास्त ताणलं नाही. भट्टी त्याच दिवशी उघडली होती आणि बापू गरम विटा उतरवत होता, तर त्या बघत उभ्या राहिल्या. एक वीट हातातून निसटली, दगडावर पडून दुभंगली. बाहेरून लालभडक, आतला गाभा काळा कोळसा.

"हे मात्र मला कळत नाही," आत्या म्हणाली. ती बाईंना उद्देशून बोलली नव्हती. सवयीनं बोलली, पण बाईंनी कान टवकारले. "माती एक, आग एक. मग बाहेर लाल, आत काळी का?"

"मातीत लोखंडाचा अंश असतो. आगीत त्याला हवा भरपूर मिळाली की तो लाल होतो, गंजासारखा. हवा आतपर्यंत पोचली नाही तर गाभा काळा राहतो."

आत्या दुभंगलेल्या विटेकडे बघत राहिली. हवेचं काम तिला पटलं. वाऱ्यानं तिला या वर्षी बरंच शिकवलं होतं. मग तिनं डोकं वर केलं.

"मग लाल झालेली वीट परत काळी करता येईल का? तिची हवा तोडली तर?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. करता यावी असं वाटतं. पण मी करून पाहिलेलं नाही. कसं करायचं, किती तापवायचं, आत नक्की काय होतं, ते सगळं वरच्या इयत्तांत येतं. मलाही पुन्हा वाचावं लागेल."

"म्हणजे इथे बसून कळणार नाही?"

"इथे बसून कळायला वेळ लागेल."

आत्यानं विटेचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले, परत वेगळे केले. तिच्या तळहाताला राख लागली होती. चौकशी भट्टीच्या तोंडाशी उभी होती, श्वास धरून, आणि पहिल्यांदाच तिनं काहीही विचारलं नाही. आत्याला त्या शांततेची खरंच भीती वाटली. ही पोरगी साच्याशी बसली तर अशीच शांत होत जाईल, तिला वाटलं. चारी कोपऱ्यांनी भरलेली वीट थापेल आणि एक अक्षर बोलणार नाही.

"बापू," ती तुकडे खाली ठेवत म्हणाली, "पाठव हिला." आणि पोरीकडे वळून दटावल्यासारखं बोलली, "एवढं विचारून यायचं. नुसतं पास होऊन येशील तर दारात उभी करणार नाही."

चौकशी गेली आणि भट्टीवर चिडीचूप झालं. गारा तुडवताना बापूची बायको धापा टाकायची, मग आत्याच खड्ड्यात उतरायची आणि बापूला साचा धरायला लावायची. बापूच्या विटा वाकड्या निघायच्या. "हा तुझा हात की माती?" आत्या विचारायची, आणि तो पुढचा साचा भरायला घ्यायचा.

मोठ्या सुट्टीत चौकशी घरी आली ती थोडी उंच होऊन आणि थोडी वाळून. आई तिला पाणी देत होती तेवढ्यात आत्या खड्ड्यातून चिखलाच्या पायांनीच बाहेर आली.

"मग? कळलं?"

"अगं, बसू तरी दे तिला," बापू म्हणाला.

"बसून सांगेल. कळलं का?"

"अर्धं कळलं," चौकशी म्हणाली. "लालची काळी होते म्हणतात. पण करून बघायला भट्टी तिथे नाही, इथे आहे."

मडकं शोधलं, जुनं, जाड बुडाचं. त्यात लाल विटेचा तुकडा ठेवला, चोहोबाजूंनी लाकडाचा भुसा दाबून भरला, वर झाकण, आणि झाकणाच्या कडेनं आत्यानं स्वतः चिखल लिंपला, फट म्हणून राहू दिली नाही. दुपारी भट्टी पेटली तेव्हा मडकं तिच्या पोटात होतं. भट्टी निवेपर्यंत आत्यानं आठ दिवस कसेबसे काढले. मडकं अजून कोमट असतानाच तिनं ते काढलं आणि चिखलाचा लिंप सुरीनं कोरून उघडला.

तुकडा काळा होता. नुसता वरवर नाही. चौकशीनं तो दगडानं फोडला, तर आतूनही काळा, आरपार.

बापूची बायको म्हणाली, अगंबाई. बापूनं तो घेऊन उजेडात धरला, अंगठ्यानं घासला, रंग निघतो का ते पाहिलं. निघाला नाही. आत्यानं सगळ्यांच्या हातून फिरून आलेला तुकडा घेतला आणि पायरीवर बसली. जन्मभर लाल विटा थापल्या, भाजल्या, मोजून दिल्या, आणि आज तिच्या हातात तिच्याच मातीची एक काळी वीट होती, तिनं विचारलं म्हणून झालेली. चौकशी तिच्याशेजारी येऊन बसली. तिला वाटलं, आत्या आता काहीतरी चांगलं बोलेल.

आत्यानं तुकडा उलटासुलटा केला, नखानं टोकरला आणि पोरीच्या तळहातावर ठेवला.

"बरं," ती म्हणाली, "आता ही परत लाल होईल का?"